टॅबवर एन्ट्री आहे, पोर्टलवर शून्य: सिंक अडकलं की कुठून बघायला सुरुवात करायची

उपकेंद्रावरच्या सिस्टर, सीएचओ (समुदाय आरोग्य अधिकारी) मॅडम, एमपीडब्ल्यू (आरोग्य सेवक) दादा आणि आशाताई, हे तुमच्यासाठी आहे. मी सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याला डेटा एन्ट्रीचं काम बघतो, कंत्राटीच, आणि महिना संपत आला की फोन सुरू होतात, "भाऊ, टॅब परत रुसला बघा." म्हणजे सिंक होत नाही, टॅबवर भरलेली नोंद सरकारी पोर्टलवर पोचत नाही. दर महिन्याला तेच दुखणं आणि दर महिन्याला फोनवर तेच औषध, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतोय. लांबलंय जरा, पण क्रमानं करा, मधनं उडी मारू नका, कारण वरच्या गोष्टी फुकटातल्या आहेत आणि बऱ्याचदा तिथंच काम होतं.

लक्षणं

- टॅब म्हणतोय 'सेव्ह झालं', नाव पण दिसतंय, पोर्टलवर मात्र तुमच्या उपकेंद्रासमोर शून्य
- सिंक दाबलं की गोल फिरत राहतं आणि मग 'नेटवर्क एरर', वर बघावं तर फोरजीच्या काड्या फुल्ल
- अर्ध्यापर्यंत जातं आणि एकाच आकड्यावर अडकतं, उद्या परत त्याच आकड्यावर
- ओटीपी येत नाही, किंवा येतो तो भलत्याच माणसाला
- ॲप उघडलं की आपोआप बंद, फोटो काढताना हमखास
- बाळाला लस देऊन झाली, कार्डावर सही आहे, पोर्टल अजून 'ड्यू' म्हणतंय

यातलं एक जरी जुळलं तरी हे तुमच्या हलगर्जीपणाचं लक्षण समजू नका, मीटिंगमध्ये कुणी काही म्हणो. गरोदर माता आरसीएचला, लसीकरण यू-विनला, ३० वर्षांवरच्यांचं बीपी-शुगर एनसीडीला, टीबी निक्षयला, ताप-जुलाबाची साथ आयएचआयपीला, आणि डॉक्टरांशी बोलायचं ते ई-संजीवनीवर, अशी सगळी वेगवेगळी ॲप आणि पोर्टलं एका जुन्या टॅबवर आणि एका सिमवर. तो टॅब एकदा स्कीममधून आला, नंतर त्याच्या बॅटरीला, चार्जरला, रिचार्जला कोणत्याच हेडखाली पैसे नाहीत. २०२१ साली आपल्याच राज्यातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारी मोबाईल गोळा करून परत केले होते, आठवत असेल, दोन जीबी रॅमच्या फोनात ॲप चालंना म्हणून. दुखणं तेच आहे, खातं वेगळं.

सगळ्यात आधी: काही पुसू नका

ॲप अनइन्स्टॉल करू नका. 'क्लिअर डेटा' दाबू नका. शेजारचा भाचा मोबाईलमधला हुशार असला तरी त्याच्या हातात टॅब देऊ नका, तो पहिलं हेच करतो. सिंक न झालेल्या एन्ट्र्या फक्त त्या टॅबच्या पोटात असतात, सर्व्हरला त्यांचा पत्ताच नसतो, त्यामुळं ॲप काढलं की त्या गेल्या, मी सोडा, जिल्ह्यावरचा माणूस पण त्या परत आणू शकत नाही.

'क्लिअर कॅशे' आणि 'क्लिअर डेटा' ही दोन बटणं सेटिंगमध्ये शेजारी-शेजारी असतात. कॅशे पुसली तर बिघडत नाही, डेटा पुसला तर सगळं कोरं. घाईत बोट चुकतं, म्हणून मी तर सांगतो की माझ्याशी फोनवर बोलत असल्याशिवाय दोन्हीला हात लावू नका.

मग पेंडिंग किती आकडा दिसतोय त्याचा स्क्रीनशॉट काढा आणि त्या नावांवर रजिस्टरमध्ये पेन्सिलनं छोटी खूण करा. पाच-दहा मिनिटांचं काम आहे पण पुढं काहीही झालं तरी तुमच्याकडं यादी राहते.

अजून एक, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं. पेंडिंगमध्ये कुणी जोखमीची माता असंल, हिमोग्लोबिन ७ च्या खाली, बीपी १४०/९० किंवा वर, आधीचं सिझर, अंगावर सूज, तर सिंकची वाट बघत बसू नका, पीएचसीच्या (प्राथमिक आरोग्य केंद्राच्या) डॉक्टरांना लगेच फोन करा आणि केस सांगा. पीएचसीवाले हाय-रिस्कची यादी पोर्टलवरनं काढतात, तुमची एन्ट्री टॅबमध्ये अडकली असंल तर ती बाई त्या यादीत नसतेच. टॅब दोन दिवसांनी दुरुस्त झाला तरी चालतो.

१. बाकीच्यांचं चालू आहे का विचारा

ग्रुपवर एक ओळ टाका, "कुणाचं सिंक होतंय का?" शेजारच्या दोन-तीन उपकेंद्रांचं पण बंद असंल तर तुमचा टॅब ठीक आहे, सर्व्हर बसलाय. अशा वेळी सेटिंगमध्ये काहीच हलवू नका, कारण सर्व्हर सुरू झाल्यावर तुम्ही मधे बदललेलं काहीतरी नवीन दुखणं होऊन बसतं. महिनाअखेरीला सगळा महाराष्ट्र एकाच वेळी बटण दाबतो. पहाटे लवकर नाहीतर रात्री उशिरा करून बघा, जातं. (सिस्टरनी रात्री अकराला का जागायचं हा प्रश्न बरोबर आहे, पण त्याचं उत्तर माझ्याकडं नाही, तो युनियनच्या मीटिंगमध्ये काढा.)

२. तारीख आणि वेळ

हे वाचून हसू येईल पण आमच्या तालुक्यात 'फुल्ल रेंज तरी नेटवर्क एरर' या तक्रारीत मी सगळ्यात आधी हेच विचारतो. टॅब पार शून्यावर जाऊन बंद पडला, दोन दिवस लाईट नव्हती म्हणून तसाच राहिला, आणि चालू केल्यावर तारीख पाच-सहा वर्षं मागं. आता ॲप सर्व्हरला जोडायला गेलं की सर्व्हर आपलं सर्टिफिकेट दाखवतो, त्यावर अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत वैध असं असतं. टॅबच्या मते अजून जुनंच साल चालू आहे, म्हणजे त्याच्या हिशोबानं हे सर्टिफिकेट सुरूच झालेलं नाही, म्हणून तो जोडायला नकार देतो. आणि ॲप तुम्हाला हे असलं काही सांगत नाही, नुसतं 'नेटवर्क एरर' म्हणतं, मग आपण बिचाऱ्या टॉवरला शिव्या घालतो.

सेटिंगमध्ये जाऊन तारीख-वेळ 'ऑटोमॅटिक' करा, टाइम झोन भारताचा आहे ना बघा, टॅब बंद करून चालू करा. आणि हो, तारीख चुकलेली असताना ज्या एन्ट्र्या केल्या असतील त्या उघडून तपासा, कारण काही ॲप टॅबचीच तारीख उचलतात, मग लस बाळ जन्मायच्या आधीच दिली असं दिसतं आणि ती एन्ट्री पुढं अडकते.

३. रेंज आहे, पण नेट आहे का?

ब्राउझरमध्ये कुठलीही साईट उघडून बघा. तिथंच उघडली नाही तर ॲपचा दोष नाही. पॅक संपलाय का, रोजचा डेटा संपलाय का बघा, व्हॉट्सॲपवर ट्रेनिंगचे व्हिडिओ आपोआप डाऊनलोड होऊन दुपारपर्यंतच डेटा खलास होतो. ऑटो डाऊनलोड बंद करा.

अक्कलकोट, दक्षिण सोलापूर आणि मंगळवेढ्याच्या कडेच्या गावांसाठी वेगळं सांगतो. तिथं टॅब बऱ्याचदा कर्नाटकातला टॉवर पकडतो, वर काड्या दिसतात, फोन पण लागतो, पण 'डेटा रोमिंग' बंद असंल तर काही सिमवर नेट चालत नाही. सेटिंगमध्ये ते चालू करा, देशातल्या देशात त्याचे वेगळे पैसे सहसा लागत नाहीत. तरी नाही झालं तर नेटवर्क निवडायचं 'ऑटोमॅटिक' काढून हातानं निवडून बघा.

तरी नाहीच झालं तर दुसऱ्या कंपनीचं सिम असलेल्या कुणाच्या तरी मोबाईलचा हॉटस्पॉट घ्या. त्यावर लगेच गेलं तर प्रश्न सिमचा, टॅबचा नाही, आणि हे कळणं फार कामाचं आहे, कारण नाहीतर आपण विनाकारण टॅब तालुक्याला पाठवतो आणि तो आठ-पंधरा दिवस कपाटात पडून राहतो.

आषाढीला पंढरपूरच्या ड्युटीवर असाल तर वारीच्या गर्दीत सिंक होईल ही अपेक्षाच सोडा, एकेका टॉवरवर हजारो मोबाईल असतात. कागदावर घ्या, गावाकडं परत आल्यावर टाका. गड्ड्याच्या यात्रेत शहरातल्यांचं पण हेच.

रिचार्जचं म्हणाल तर, स्वतःच्या खिशातून एकदा केला की तो कायमचा तुमच्याच गळ्यात पडतो असं माझं निरीक्षण आहे. उपकेंद्राच्या अनटाईड फंडातून (किरकोळ गरजांसाठी मिळणाऱ्या निधीतून) रिचार्ज, चार्जर, पॉवर बँक घेता येईल का हे जन आरोग्य समितीच्या बैठकीत विषय म्हणून मांडा आणि इतिवृत्तात लिहून घ्या. नाही म्हणाले तर 'नाही' पण लिहून घ्या. करावा लागलाच तर पावती जपून ठेवा.

४. जागा

सेटिंगमध्ये स्टोरेज बघा. एक जीबीच्या खाली मोकळी जागा असंल तर ॲप उघडून बंद होणं, फोटोला लटकणं हे होणारच, कारण ॲपला स्वतःच्या नोंदी लिहायला जागा लागते. जागा खातं कोण, तर प्रत्येक कार्यक्रमाचे जिओटॅग फोटो. मोहीम, दिवस, पंधरवडा, रॅली, हात धुणे, सगळ्याचा फोटो टाका म्हणून वरनं आदेश, आणि मग टॅब चालत नाही म्हणून परत वरनंच विचारणा. फोटो पीएचसीच्या कॉम्प्युटरवर काढून घ्या, मग टॅबमधले पुसा. फक्त गॅलरीतले, ॲपमधलं काही नाही.

५. ओटीपी आणि लॉगिन

दोन वेगळे ओटीपी आहेत, त्यांची गल्लत करू नका.

एक तुमच्या लॉगिनचा. तो येत नसंल तर बहुतेक वेळा नंबर जुन्या सिस्टरचा असतो. त्यांची बदली होऊन त्या माळशिरसला गेल्या, ओटीपी त्यांच्याकडं जातो आणि त्या बिचाऱ्या ओपीडीत असताना चार-चार वेळा फोन उचलून आकडे सांगतात. हे असं महिनोन् महिने चालवू नका. नंबर बदलायचा अर्ज लेखी द्या, तो वरच्या लॉगिनवरूनच होतो. चुकीचा पासवर्ड सारखा मारत बसलात तर खातं लॉक होतं, दोनदा चुकला की थांबा.

दुसरा लाभार्थीच्या आधारचा, आभा कार्ड (डिजिटल आरोग्य ओळखपत्र) काढताना. आधारला जोडलेला नंबर नवऱ्याचा, नवरा पुण्याला कामाला, फोन स्विच ऑफ. बोटाच्या ठशानं करावं तर शहरात पूर्व भागात आणि कुंभारीच्या वसाहतीकडं विडी वळणाऱ्या बायकांचे ठसे लवकर उमटत नाहीत, वर्षानुवर्षं पान कापून आणि दोरा गुंडाळून बोटं झिजलेली असतात. त्यांना उभं करून सतरा वेळा बोट पुसायला लावू नका. आभा ऐच्छिक आहे. ते नाही म्हणून तपासणी थांबवायची नाही, गोळ्या थांबवायच्या नाहीत, लस तर अजिबात नाही. टार्गेटचा दबाव तुमच्यावर आहे हे मला माहिती आहे, पण ओटीपीसाठी परत पाठवलेली बाई पुढच्या वेळी येईलच असं नाही. बीपी घ्या, रजिस्टरला लिहा, आभाच्या रकान्यात 'ओटीपी उपलब्ध नाही' लिहा.

६. एकाच आकड्यावर अडकतंय? एक खराब एन्ट्री शोधा

चाळीसपैकी सव्वीस गेल्या आणि सत्ताविसावी जात नाही, त्यामुळं मागच्या सगळ्या खोळंबल्या. बऱ्याच ॲपमध्ये एन्ट्र्या रांगेनं जातात, एस्टीच्या दारात एक माणूस बोचकं घेऊन अडकला की मागचे सगळे खालीच, तसं. ती एक शोधायची.

काय बघायचं: वजन ५५ ऐवजी ५५०. हिमोग्लोबिन ११.० ऐवजी ११०, पॉईंट राहिला. मोबाईल नऊच आकडी. शेवटच्या पाळीची तारीख नोंदणीच्या नंतरची. प्रसूतीची तारीख आणि बाळाची जन्मतारीख वेगळी. नावात चुकून एखादं चिन्ह पडलेलं. टॅबवर दुरुस्त होत असंल तर करा आणि परत सिंक मारा.

यात सगळ्यात जास्त डोकं खातात त्या डबल एन्ट्र्या. आपल्याकडं पहिलं बाळंतपण माहेरी. सासरच्या उपकेंद्रात नोंद झालेली, सातव्या महिन्यात ती माहेरी आली, इथल्या सिस्टरनी नव्यानं नोंद केली, कारण बाई म्हणाली 'कार्ड तिकडंच राहिलं.' आधारवर अजून माहेरचं आडनाव, तिकडच्या नोंदीत सासरचं. आता एकीच्या दोन बाया झाल्या, आणि प्रसूती एकीच्या नावावर, तर दुसरी पोर्टलवर अजून गरोदरच आहे, दहावा महिना, अकरावा महिना! मग त्या गावच्या आशाला फोन, "माता ट्रॅक का केली नाही?"

ऊसतोडीच्या टोळ्यांचं पण हेच. कारखाने सुरू झाले की बीडकडनं कुटुंबं माळशिरस, माढा, पंढरपूरच्या फडावर येतात, नोंद तिकडं आणि तपासणी इकडं. शहरात तर तेलुगू, कन्नड नावांची गंमत, आधारवर लक्ष्मीबाई, रेशनकार्डावर लक्ष्मी, टॅबवर इंग्रजीत स्पेलिंगला एक अक्षर जास्त, आणि सॉफ्टवेअरला त्या तीन वेगळ्या बायका वाटतात.

म्हणून नवीन नोंद करण्याआधी सर्च करा. आरसीएच नंबरनं (मातेच्या नोंदणीचा नंबर), नाही मिळाला तर मोबाईलनं, नवऱ्याच्या नंबरनं पण बघा. माहेरवाशीण असंल तर सासरच्या आशाताईला एक फोन लावा, दोन मिनिटांत नंबर मिळतो. आणि आधीच डबल झाली असंल तर दोन्हीतली एक स्वतः डिलीट करायला जाऊ नका. चुकीची उडाली तर तपासण्यांचा सगळा इतिहास जातो. दोन्ही नंबर मला पाठवा.

आशाताईंच्या पैशाचा पण इथंच संबंध येतो. बाळाच्या घरभेटी, दवाखान्यात बाळंतपण झालं तर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी, त्याचे २५० रुपये. प्रसूतीचीच नोंद दिसली नाही तर क्लेम तपासताना अडकतो, आणि ती तर सहाही वेळा उन्हातान्हात जाऊन आलेली असते. भेटीच्या फॉर्मवर आईची सही आणि तारीख असू द्या, टॅबवर काहीही असो, मग क्लेमला भांडता येतं.

७. टॅबची तब्येत

इथपर्यंत आलात म्हणजे बहुधा यंत्रच थकलंय. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडं पारा ४३-४४ ला टेकतो, गाडीच्या डिकीत ठेवलेला टॅब चटका बसेल इतका तापतो, मग तो आपणहून हळू होतो, चार्जिंग घेत नाही. सावलीत अर्धा तास बंद ठेवा. फ्रीजमध्ये ठेवू नका, आत पाणी धरतं, आणि आयएलआरमध्ये तर चुकूनही नाही, तो लसीसाठी आहे. हसू नका, लोक ठेवतात.

चार्ज होत नसंल तर दुसरी केबल लावून बघा. केबल पहिली मरते आणि ती सगळ्यात स्वस्त आहे. चार्जिंगच्या छिद्रात धूळ बसते, टॅब बंद करून कोरड्या लाकडी काडीनं हलकेच काढा, टाचणी नको.

ॲप अपडेट मागतंय आणि प्ले स्टोअर म्हणतंय 'हे डिव्हाइस चालत नाही', तर अँड्रॉइड जुनं झालंय. याला घरगुती उपाय नाही. कुणी पाठवलेली एपीके फाईल (प्ले स्टोअरबाहेरनं ॲप टाकायची फाईल) टाकू नका, ती कुठनं आली कुणाला माहिती नसतं आणि आत सगळ्या गावाच्या आयांची माहिती आहे.

इथं थांबा आणि पुढं पाठवा

- टॅबचं मागचं झाकण फुगलंय किंवा स्क्रीन उचलली गेलीय: बॅटरी फुगली. चार्जिंगला लावू नका, दाबू नका, टोचू नका. बंद करा, पेटणाऱ्या वस्तूंपासून लांब ठेवा, त्याच दिवशी कळवा. इथं सिंकचा विचार नंतर.
- पाणी गेलंय: चालू करून बघायचा मोह टाळा.
- उपकेंद्र किंवा गावच चुकीचं दिसतंय, दुसऱ्याच पीएचसीखाली: हे मॅपिंग आहे, जिल्ह्याच्या लॉगिनशिवाय होत नाही, तालुक्याला पण अधिकार नाही.
- खातं लॉक, डबल नोंदी, आणि खराब एन्ट्री सापडली पण दुरुस्त होत नाही.
- फॅक्टरी रिसेट: फक्त आम्ही करणार, तेही पेंडिंग शून्य झाल्यावर किंवा ते वाचवायचा प्रयत्न करून झाल्यावर.

बाजारातल्या मोबाईलच्या दुकानात टॅब देऊ नका, कितीही ओळखीचा असला तरी. त्यात कुणाचा टीबी आहे, कुणाची एचआयव्ही तपासणी, कोण कितव्या महिन्याची, सगळं उघडं आहे. आणि दुकानदार पहिला प्रश्न विचारतो, 'रिसेट मारू का?'

कळवताना नुसतं 'टॅब बंद आहे' असं व्हॉट्सॲपवर टाकलं तर ते गुड मॉर्निंगच्या खाली बुडतं. पीएचसीला लेखी द्या, पोच घ्या, फोटो मला पाठवा. असं लिहिलं तरी पुरे:

"उपकेंद्र अमुक. अमुक तारखेपासून सिंक होत नाही. पेंडिंग एन्ट्री इतक्या, स्क्रीनशॉट जोडला आहे. तारीख, नेट, दुसरं सिम, स्टोरेज तपासलं. नोंदी रजिस्टर पान अमुक ते अमुक वर पूर्ण आहेत. जोखमीच्या मातांची माहिती डॉक्टरांना फोनवर अमुक तारखेला दिली आहे. टॅब दुरुस्त होईपर्यंत पोर्टलवरील आकडा शून्य दिसेल."

शेवटचं वाक्य गाळू नका. शून्य कामाची नोटीस आली की उत्तराला हाच कागद जोडायचा, आणि नवीन टॅबची मागणी वर पाठवताना मला पण हेच कागद लागतात, तोंडी तक्रारींवर कुणी खरेदी करत नाही. तर या महिन्यात ज्यांचे टॅब अडकलेत त्यांनी पोचेचा फोटो आणि टॅबच्या मागचा सिरीयल नंबर पाठवा, नंबर पुसला असंल तर सेटिंगमध्ये 'अबाउट' मध्ये मिळतो.